पाटी तिची, पासवर्ड त्याचा

कर-नोंदणी हा शब्द काढला की आपल्या बैठकांत चुळबुळ सुरू होते. "हे सीएचं काम, आपलं नव्हे," असे एकजण म्हणते. "लाखांचा धंदा असणाऱ्या बायका आपलं आपण पाहून घेतील, आपल्याकडे येतात त्या पोळ्या लाटणाऱ्या," असे दुसरी म्हणते. आणि चर्चा पुन्हा पोटगी, मारहाण, रेशनकार्ड यांच्याकडे वळते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, आपली केंद्रे त्यांच्यावरच उभी राहिली. पण गेली दहा-बारा वर्षे समुपदेशन केंद्रात काम करताना मला दिसते आहे ते असे : पोळ्या लाटणारी, मसाले कुटणारी, ब्लाउज शिवणारी, ब्यूटीपार्लर चालवणारी बाई हिंसेमुळे घर सोडते, तेव्हा ती नुसते घर सोडत नाही, तिने उभा केलेला धंदाही मागे राहतो. तो सोबत न्यायचा तर त्याचे नाव बदलावे लागते. ते नाव पाटीवर बदलायला रंगाचा डबा पुरतो. कराच्या दप्तरात बदलायला गेले की सगळी पुरुषप्रधान व्यवस्था दारात येऊन उभी राहते.

म्हणून मी म्हणते, धंद्याचे नाव बदलल्यावर कर-नोंदणीत ते दुरुस्त करून घेणे ही कारकुनी बाब नाही. मालक कोण, हे तिथे ठरते. आणि हा प्रश्न आपण आजवर कर सल्लागारांच्या टेबलावर सोडून दिला आहे.

कायद्यात सोपे, व्यवहारात अवघड

आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईंचे उदाहरण देते. नाव-गाव सांगत नाही. बारा वर्षे त्या घरी मसाले आणि चटण्या करून विकत होत्या. माल गोव्यातल्या दुकानांना जायचा. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी काढावी लागते, म्हणून २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्यांनी नोंदणी काढली. मसाल्याला नाव दिले सासरच्या आडनावाचे. कुणी विचार केला नव्हता, तसेच द्यायचे असते. पुढे मारहाण असह्य झाली, मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या. इकडे त्या भाड्याच्या खोलीत डंका लावायची तयारी करत होत्या, तिकडे दिराने त्याच नावाच्या पिशव्या छापून बाजारात आणल्या. आमच्याकडे त्या पोटगीसाठी आल्या होत्या. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "ताई, पोटगीचं होईल तेव्हा होईल. माझ्या मसाल्याचं नाव आधी बदलून पाहिजे."

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. जीएसटीच्या नोंदणीत दोन नावे असतात. एक कायदेशीर नाव आणि एक व्यापारी नाव. एकट्या व्यक्तीच्या मालकीचा धंदा असेल तर कायदेशीर नाव म्हणजे त्या व्यक्तीचे पॅनवरचे नाव. दुकानाच्या पाटीवर असते ते व्यापारी नाव. नोंदणीतला तपशील बदलला तर १५ दिवसांच्या आत पोर्टलवर आरईजी-१४ या नमुन्यात दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याला सरकारी फी नाही. अधिकाऱ्याची मान्यता लागत असेल तर त्याने कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय द्यायचा. शंका असेल तर नोटीस काढायची, उत्तराला कामकाजाचे ७ दिवस द्यायचे. त्याने ठरल्या मुदतीत काहीच केले नाही तर दुरुस्ती झाली असे धरले जाते. पॅन तोच राहिला तर जीएसटी क्रमांकही तोच राहतो. नियम वाचला तर वाटते, एवढे सोपे काम दुसरे नसेल.

मग अडले कुठे? अर्ज भरायचा तर लॉगिन करावे लागते आणि त्यासाठी ओटीपी लागतो. नोंदणीला जोडलेला मोबाईल नवऱ्याचा होता. ईमेल कर सल्लागाराने काढून दिलेला होता. नवऱ्याने ओटीपी द्यायला साफ नकार दिला. सल्लागार म्हणाला, "साहेबांना विचारल्याशिवाय मला काही देता येणार नाही." साहेब म्हणजे नवरा. वास्तविक ज्या बाईच्या पॅनवर नोंदणी होती, जिच्या नावाने तो दर महिन्याला विवरणपत्र भरत होता आणि जिच्या गल्ल्यातून त्याची फी जात होती, ती त्याच्या समोर बसली होती. पण त्याच्या लेखी अशील होते ते साहेब.

यावर उपाय आहे, तो प्रत्येक केंद्राने लिहून ठेवावा. नोंदणीत दुसऱ्याच कुणाचा मोबाईल, ईमेल असेल तर मालकाने आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करायचा. ओळखीचा पुरावा आणि नोंदणीची कागदपत्रे जोडायची. खातरजमा करून अधिकारी नवा मोबाईल व ईमेल नोंदवतो आणि लॉगिन मालकाच्या हाती येते. आम्ही तसा अर्ज केला. अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, "मिस्टर कुठे आहेत?" अर्जावर पोच मिळायला दोन खेपा, लॉगिन हाती यायला अडीच महिने. तोवर विवरणपत्रे थकली, विलंब शुल्क साचले. नव्या नावाच्या पिशव्या छापून तयार होत्या, बिलावर मात्र जुने नाव, त्यामुळे गोव्यातल्या दोन दुकानदारांनी पैसे अडवून ठेवले. हे सगळे त्या बाईने भरले. ओटीपी अडवून बसलेल्या माणसाला एक रुपयाही भरावा लागला नाही.

जागा कोणाची?

घर सोडले की धंद्याचा पत्ताही बदलतो. पत्ता हीसुद्धा मान्यतेने बदलायची बाब आहे. पत्त्याला पुरावा लागतो. स्वतःची जागा असेल तर वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, भाड्याची असेल तर भाडेकरार, दुसऱ्याची असेल तर त्या मालकाचे संमतिपत्र.

आता आपल्या राज्यातल्या किती बायकांच्या नावावर घर आहे, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. घरगुती धंदा करणारी बाई मुळातच नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या संमतिपत्रावर नोंदणीकृत झालेली असते. कष्ट तिचे, चूल तिची, डंकाही तिचा. पण दप्तरात ती नवऱ्याच्या परवानगीने त्या जागेत बसलेली असते. नांदते आहे तोवर हे कागद कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. बिनसले की संमतिपत्र परत घेण्याची धमकी मिळते. आमच्या बाईंना मिळाली.

बाहेर पडल्यावर माहेरी धंदा सुरू करावा, तर तिथे भावाचे संमतिपत्र. भाड्याने जागा घ्यावी, तर एकट्या बाईला करार करून द्यायला घरमालक तयार नाही, "तोंडी राहा" म्हणतो. १७ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने नोंदणीच्या अर्जांबाबत अधिकाऱ्यांना सूचना दिल्या. अनावश्यक कागद मागू नका, तर्काने प्रश्न विचारू नका, जागा जोडीदाराची किंवा नातेवाइकाची असेल तर साध्या कागदावरचे संमतिपत्र, त्याचा ओळखीचा पुरावा आणि मालकीचा एक कागद पुरेसा माना, असे त्यात सांगितले आहे. ठीक आहे. स्टँपपेपरचा खर्च वाचला. पण ज्या जोडीदारापासून बाई पळून आली, त्याची सही साध्या कागदावर तरी कशी मिळवायची? सूचना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सुखाने नांदणारे जोडपे होते. आपल्याकडे येणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

लग्नपत्रिकेने जाते, राजपत्राने परत येते

मसाल्याचे नाव बदलले. आता प्रश्न तिच्या स्वतःच्या नावाचा. नोंदणीतले कायदेशीर नाव पॅनवरून येते आणि पॅनवर नवऱ्याचे नाव नि आडनाव चिकटलेले. तिला माहेरचे नाव परत हवे होते. म्हणजे आधी पॅन बदलायचा, मग जीएसटी, मग उद्यम नोंदणी, अन्न परवाना, बँक. ही साखळी आहे आणि तिची पहिली कडी पॅन आहे.

पॅनच्या दुरुस्तीचा जो अर्ज आम्ही वर्षानुवर्षे बायकांना भरून देत आलो, त्याच्या सूचना एकदा ताठ बसून वाचण्यासारख्या होत्या. लग्नामुळे नाव बदलणाऱ्या स्त्रीला पुरावा काय? विवाहाचे प्रमाणपत्र, किंवा राजपत्रातली प्रसिद्धी, किंवा पतीचे नाव असलेला पासपोर्ट, किंवा लग्नाची निमंत्रणपत्रिका! गल्लीतल्या छापखान्यात छापलेली, वर गणपती आणि खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असे लिहिलेली पत्रिका प्राप्तिकर खात्याला चालत होती. आणि इतर कारणाने नाव बदलायचे असेल तर? राजपत्रातली प्रसिद्धी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र. म्हणजे बाईचे नाव नवऱ्याच्या खात्यात जमा करायला एक पत्रिका पुरे. तेच नाव परत मागायला सरकारी गॅझेटची पायरी चढायची.

राजपत्राची वाटही सरळ नाही. २०२४ च्या सुरुवातीला एक विवाहिता दिल्ली उच्च न्यायालयात गेली. विवाहापूर्वीचे आडनाव परत घ्यायचे असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पतीचे ना-हरकत पत्र आणा, अशी अट केंद्र सरकारच्या अधिसूचनेत होती. त्या अटीला तिने आव्हान दिले. ना-हरकत कुणाची, तर पतीची आणि कशाला, तर तिच्या स्वतःच्या नावाला! लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव घेतलेच पाहिजे असा एकही कायदा या देशात नाही. घेताना कायदा लागत नाही, सोडताना मात्र नवऱ्याची सही लागते. ही रीत नाही, हा कब्जा आहे.

महाराष्ट्राने २०२४ च्या मार्चमध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम शासकीय कागदपत्रांत बंधनकारक केला. आपल्यापैकी अनेकींनी त्याचे स्वागत केले, मीही केले. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी जुनीच पद्धत चालू ठेवली : तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव. मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीच्या नावाने नोंद करण्याची मुभा तेवढी दिली. म्हणजे बाई मुलाच्या नावात आई म्हणून शिरली, पण स्वतःच्या नावात अजून नवऱ्यामागेच उभी आहे. घराच्या दस्तावर मुभा, तर दुकानाच्या नोंदणीवर का नाही? तिने कष्टाने कमावलेला धंदा ही मालमत्ता नव्हे काय?

यातली एक बारीक गंमत शिबिरात सांगितली की बायका हसतात आणि मग गप्प होतात. पॅन दहा अक्षरांचा असतो. चौथे अक्षर धारक कोण ते सांगते, व्यक्ती असेल तर इंग्रजी 'पी'. पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. लग्नापूर्वी पॅन काढला असेल तर त्यात माहेरच्या आडनावाचे अक्षर असते आणि नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. जीएसटी क्रमांकात राज्याच्या आकड्यानंतर, म्हणजे आपल्याकडे २७ नंतर, हाच पॅन जसाच्या तसा येतो. तेव्हा सासरच्या आडनावाच्या दुकानातल्या प्रत्येक बिलावर कित्येक बायकांच्या माहेरच्या आडनावाचे एक अक्षर आजही छापले जाते. यंत्राला बाई तीच आहे हे ठाऊक आहे. माणसांच्या दप्तराला मात्र ती दरवेळी नव्याने सिद्ध करावी लागते.

सरपंचपती पाहिले, आता जीएसटीपती पाहा

आतापर्यंत धंदा खरोखर करणाऱ्या बाईबद्दल बोलले. दुसरा प्रकार याहून भयंकर आहे. धंदा नवऱ्याचा, नाव बायकोचे. पंचायतींत राखीव जागा आल्या तेव्हा सरपंचपती जन्माला आले, ते आपण पाहिले, त्यांच्यावर लिहिले, मोर्चे काढले. कराच्या दप्तरातले पती आपण अजून मोजलेलेही नाहीत.

कारणे अनेक असतात. नवऱ्याच्या नावावर जुनी थकबाकी असते. तो नोकरीत असतो आणि दुसरा धंदा नावावर चालत नाही. किंवा महिला उद्योजकांसाठीची सवलत हवी असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँडअप इंडियामध्ये स्त्रियांसाठी कर्ज होते. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीतली ३ टक्के खरेदी महिलांच्या लघुउद्योगांकडून करावी, असे २०१८ पासूनचे धोरण आहे. या तरतुदी आपल्या चळवळीच्या रेट्याने आल्या. त्यांचा लाभ घ्यायला बायकोला तलाठ्यापासून बँकेपर्यंत एकदा फिरवून आणले जाते, सह्या घेतल्या जातात, ओटीपी विचारला जातो आणि ती घरी येऊन भाकऱ्या थापायला बसते. पुढे दोन वर्षांनी नवरा दुकानाचे नाव बदलतो, जागा बदलतो, माल बदलतो. दप्तरात मात्र नोंद जुनीच राहते, कारण ज्याने बदल केला त्याच्यावर जबाबदारी नाही आणि जिच्यावर जबाबदारी आहे तिला बदल ठाऊक नाही.

एकट्या मालकीच्या धंद्यात मालक आणि धंदा कायद्याला वेगळे दिसत नाहीत. कर थकला तर तो तिचा. त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, तेही तिचे. सलग सहा महिने विवरणपत्रे न भरल्याने नोंदणी रद्द होऊ शकते, ती तिची. वसुलीसाठी बँक खाते गोठवायचे तर तेही तिचेच आणि त्यात शिवणकामातून किंवा बचत गटातून साठवलेले पैसे असू शकतात. नोटीस पोर्टलवर पडते, ईमेलवर जाते. जुन्या पत्त्यावर, जुन्या नावाने, दुसऱ्याच्या मोबाईलवर. बाईला पहिली खबर लागते ती एटीएममधून पैसे निघत नाहीत तेव्हा.

इथे सरकारचा दुटप्पीपणाही नोंदवला पाहिजे. नवऱ्याने मोबदल्याशिवाय मालमत्ता बायकोच्या नावे केली तर तिचे उत्पन्न त्याच्याच उत्पन्नात मिळवायचे, हे प्राप्तिकर कायद्यात फार पूर्वीपासून आहे. कर बुडू नये म्हणून कायद्याने पडद्यामागचा नवरा बरोबर ओळखला. मग थकबाकी वसूल करताना त्याच पडद्यासमोर उभी असलेली बायको तेवढी का दिसते? तिजोरीचे नुकसान होते तेव्हा सरकारला घर कसे चालते ते कळते. बाईचे नुकसान होते तेव्हा म्हणते, सही कुणाची आहे ते पाहा.

भागीदारीतही हेच. घरच्या फर्ममध्ये बायको, भावजय, आई यांना भागीदार म्हणून घेतात. घटस्फोट झाला, बाई बाहेर पडली, फर्मचे नावही बदलले. तिला वाटते आपण सुटलो. पण जीएसटी कायद्याचे कलम ९० सांगते, की निवृत्त भागीदाराने किंवा फर्मने निवृत्तीची तारीख आयुक्तांना लेखी कळवली पाहिजे. एका महिन्यात कळवले नाही, तर ती सूचना पोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी त्या भागीदारावर राहते. फर्म कळवणार नाही, तिला कळवायचे असते हे कुणी सांगितलेले नसते. घटस्फोटाच्या किती दाव्यांत वकिलांनी हे पत्र पाठवायला लावले, ते एकदा विचारून पाहा.

विधवा बाईंचे वेगळे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर दुकान होते, तो गेला, ती दुकान चालवू लागली. सगळे सांगतात, "नाव बदलून घ्या." नाव बदलून चालत नाही. पॅन बदलला की नोंदणी नवी काढावी लागते. जुनी रद्द करायची, शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ या नमुन्याने नव्या नोंदणीवर आणायचे. धंदा पुढे चालवला तर त्याची जुनी थकबाकीही तिच्याकडे येते. दिवसकार्य सुरू असताना तिला हे कोण सांगणार? सांगायला येतो तो दीर आणि तो म्हणतो, "वहिनी, तुम्हाला नाही झेपायचं, माझ्या नावावर करा."

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखे आहेत, यात स्त्रियांचा प्रश्न कुठे आला? नियम सारखेच आहेत. पण पुरुष लग्न करतो तेव्हा त्याचे नाव बदलत नाही, लग्न मोडले तरी बदलत नाही. घर त्याच्या नावावर असते. मोबाईल त्याच्या खिशात असतो आणि सल्लागार त्याला साहेब म्हणतो. ज्याचे काहीच हलत नाही त्याच्या मापाने नियम शिवला, तर जिचे सगळे हलते तिला तो काचणारच.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच मैत्रिणींचा. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत, सेवेची २० लाखांपर्यंत असेल तर आपल्या राज्यात एरवी नोंदणी लागत नाही, मग आपल्या बायकांना याचे काय? पण परराज्यात माल विकणारीला उलाढालीची ही सूट नाही. मोठे खरेदीदार नोंदणी असल्याशिवाय माल घेत नाहीत. आणि नाममात्र मालकीण झालेल्या बाईची उलाढाल किती, हे तिला स्वतःला ठाऊक नसते. जी नोंदणीच्या बाहेर आहे तिलाही पॅन, बँक, उद्यम, अन्न परवाना यांत हेच नाव, हाच मोबाईल, हीच जागा भेटते. बाई गरीब आहे म्हणून तिच्या कागदांकडे पाहायचे नाही, हा विचार आपण जमिनीच्या बाबतीत कधी केला नाही. सातबाऱ्यावर बायकांची नावे लागावीत म्हणून या राज्यात मोहिमा झाल्या, शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती झाली. दुकानाची नोंदणी हा शहरातल्या बाईचा सातबारा आहे.

आपण काय करायचे

सरकारकडे मागायचे ते आधी. लग्नानंतर घेतलेले आडनाव सोडायला, तितकाच साधा पुरावा चालला पाहिजे जितका ते घ्यायला चालत आला. स्त्रीच्या स्वतःच्या शपथपत्रावर मूळ नाव परत मिळाले पाहिजे. पतीचे ना-हरकत पत्र कुठल्याही खात्याने, कुठल्याही कारणाने मागता कामा नये. हिंसेमुळे घर सोडलेल्या स्त्रीला संरक्षण अधिकाऱ्याच्या पत्रावर पत्ता आणि मोबाईल बदलून मिळाला पाहिजे आणि त्या काळातले विलंब शुल्क माफ झाले पाहिजे. नोंदणी करताना मालक स्त्री असेल तर मोबाईल तिचाच आहे याची खातरजमा अधिकाऱ्याने केली पाहिजे. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा कायदा आला, तो लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६. नवा कायदा आला की नमुने नवे छापले जातात. नमुन्यातल्या रकान्यांवर भांडण्याची वेळ हीच असते, पुढच्या साठ वर्षांनी नव्हे.

आपल्या केंद्रांत करायचे ते मागण्यांची वाट न पाहता. केस घेताना आपण दागिने, मुले, मारहाणीच्या तारखा विचारतो. त्याच कागदावर आणखी चार प्रश्न घाला : तुमच्या नावावर कुठला धंदा आहे का? नोंदणीला मोबाईल कुणाचा? पासवर्ड कुणाकडे? तुम्ही कुठल्या फर्ममध्ये भागीदार आहात का? ठाऊक नसेल तर शोधता येते. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता पॅन टाकून पाहता येते, की त्यावर कुठल्या नोंदण्या आहेत आणि त्या चालू आहेत की रद्द. पाच मिनिटांचे काम आहे. आमच्या केंद्रात हे सुरू केल्यापासून, आपल्या नावावर दुकान असल्याचे पहिल्यांदा इथेच कळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

वकील मैत्रिणींना एक विनंती. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ ही हिंसा मानली आहे. बाईच्या धंद्याचा ओटीपी आणि पासवर्ड अडवून ठेवणे हा आर्थिक छळ आहे, असे अर्जात स्पष्ट लिहा. तो सोडून देण्याचा हुकूम मागा. पोटगीच्या अर्जात धंद्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. भागीदारी असेल तर आयुक्तांना जाणारे पत्र दाव्याच्या दिवशीच स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि समाजकार्य शिकवणाऱ्यांना. आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्त्री आणि कायदा होता, स्त्री आणि आरोग्य होते. पॅनचा अर्ज कसा भरतात हे कुणी शिकवले नाही. आज क्षेत्रकार्याला येणाऱ्या मुली मला विचारतात, हे आमचं काम आहे का? त्यांना मी सांगते, बाईला सही शिकवणे हे साक्षरतेचे पहिले पाऊल होते. आपली सही कशाखाली होते आहे, ते वाचायला आणि नको असेल तिथून ती काढून घ्यायला शिकवणे, हे पुढचे.

धंद्यावर नाव तिचे असेल तर मोबाईलही तिचाच हवा, पासवर्डही तिचाच आणि ते नाव काय असावे हे ठरवण्याचा अधिकारही तिचाच. तो मिळेपर्यंत 'महिला उद्योजक' म्हणून जे आकडे आपल्याला ऐकवले जातात, त्यांवर टाळ्या वाजवू नका. त्यातल्या किती जणींकडे ओटीपी येतो, एवढेच विचारा.